बालविभागाच्या कपाटाची किल्ली

(तालुका पातळीवरच्या ग्रंथालय कर्मचाऱ्यांच्या मेळाव्यात केलेलं भाषण, थोडं नीट करून)

मघाशी सरांनी माझा विषय ‘बालविभागाचं आधुनिकीकरण’ असा जाहीर केला आणि पुढच्या रांगेतल्या दोघा-तिघांनी लगेच वही उघडली, टॅब किती घ्यायचे, टीव्ही किती इंची, कोटेशन कुठनं मागवायचं हे लिहून घ्यायला. वही राहू द्या उघडी, टीव्हीवर पण येते मी, पण सुरुवात किल्लीपासून करू.

आमच्या वाचनालयात बालविभाग म्हणजे दोन लोखंडी कपाटं, काचेच्या दारांची. किल्ली देवघेवच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये, आणि ड्रॉवरची किल्ली माझ्या पर्समध्ये. पोरगं यायचं, काचेला नाक लावून उभं राहायचं, ‘मॅडम ते लाल’ म्हणायचं, मी हातातलं काम संपवून उठायचे, कुलूप काढायचे, ते लाल पुस्तक निघायचं गणिताच्या कोड्यांचं, पोरगं हिरमुसायचं पण परत उठवायची हिंमत नाही म्हणून तेच घेऊन जायचं. हे मी स्वतः अकरा वर्षं केलंय. त्यामुळे इथं बसून कुणाला शिकवायचा अधिकार मला नाही, फक्त झालं काय ते सांगते.

कुलूप का होतं ते तुम्हाला सांगायला नको. दाखल नोंदवहीत पुस्तक चढलं की ते आपल्या नावावर. वर्षाच्या पडताळणीत एखादं कमी भरलं की कार्यवाह विचारणार, तपासणीला साहेब आले की ते विचारणार, आणि आपला पगार काय असतो हे या हॉलमध्ये सगळ्यांना माहितीये. मग माणूस कुलूप लावतो, त्यात दुष्टपणा काही नसतो. ग्रंथालयशास्त्राचे आपले रंगनाथन, त्यांनी 1931 मध्ये ग्रंथालयाची पाच सूत्रं लिहिली, पहिलंच सूत्र पुस्तकं वापरासाठी आहेत असं, आपण सगळे कोर्सला ते पाठ करून मार्क मिळवून बसलोय, पण नोंदवही सांगते पुस्तकं सांभाळण्यासाठी आहेत, आणि सही नोंदवहीवर करायची असते, सूत्रावर नाही.

मुक्तद्वार, म्हणजे वाचकानं स्वतः कपाटातनं पुस्तक निवडायचं, हे मोठ्यांना द्यायचं म्हणलं तरी आपल्या संचालक मंडळाच्या कपाळाला आठ्या पडतात, मुलांना तर सोडाच. आमच्याकडे ते झालं त्याचं कारण पण काही थोर नाही. एका पावसाळ्यात काचेचं एक दार निखळलं, दुरुस्तीला पैसे नव्हते, दोन महिने कपाट तसंच उघडं राहिलं. आणि देवघेवीचं रजिस्टर बघताना लक्षात आलं की बालविभागाची पानं भराभर भरतायत. कुठला उपक्रम नाही, पोस्टर नाही, दार नाही एवढंच.

मग आम्ही दुसरंही दार काढलं. आणि हो, पुस्तकं गेली. पहिल्या वर्षी गेली, फाटली, एकावर तर चक्क मिशा काढलेल्या सगळ्या प्राण्यांना. मंडळाच्या मीटिंगमध्ये मला उभं केलं. तिथं मी निर्लेखनाचा, म्हणजे जीर्ण पुस्तकं नोंदीतनं कमी करण्याचा, विषय काढला. आपल्याकडे निर्लेखन म्हणजे काहीतरी पाप असल्यासारखं बघतात, पण नियमाप्रमाणे ठराव करून, यादी लावून जीर्ण पुस्तकं कमी करता येतातच की. आमच्या कपाटात पानं पिवळी पडून तुकडे होणारी पुस्तकं फक्त आकडा भरायला उभी होती, पोरं त्यांना हात लावत नव्हती, वास येतो म्हणायची. ती काढली. जागा झाली. गहाळ पुस्तकांचीही यादी रीतसर मीटिंगपुढं ठेवली, लपवली नाही. दोघं सभासद चिडले, एक अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

त्या जागेत सुताराकडनं एक बुटका रॅक करून घेतला, शाळेच्या मोडक्या बाकांच्या फळ्यांचा. पाच वर्षांच्या मुलाच्या छातीएवढा उंच. पुस्तक उभं, कव्हर समोर. पुस्तकाची पाठ बघून निवडणं हे मोठ्या माणसाचं काम आहे हो, ज्याला अजून जोडाक्षरं जमत नाहीत त्याला त्या बारीक पाठीवरचं नाव काय दिसणार? कव्हर समोर ठेवलं की पुस्तकं कमी मावतात ही तक्रार खरीये. मग दर पंधरा दिवसांनी बदला, पोरांना वाटतं नवीन आलीत. तीच जुनी असतात.

दशांश वर्गीकरण, म्हणजे विषयाला आकडे देऊन पुस्तकं लावायची पद्धत, लहान मुलांच्या उपयोगाचं नाही, हे बोलले म्हणून कुणी रागावू नका. बंगळुरूच्या हिप्पोकॅम्पस या मुलांच्या ग्रंथालयवाल्यांनी रंगाची पद्धत काढली, हिरवा, लाल, केशरी, पांढरा, निळा, पिवळा, वाचायला सोपं ते अवघड अशी चढण, पुस्तकावर रंगाचं स्टिकर. आम्ही त्याचीच गावठी नक्कल केली, चार रंगांत. एक आई भांडायला आली, माझा मुलगा चौथीत आहे आणि तुम्ही त्याला हिरवं कसं देता. आम्ही देत नाही ताई, तो घेतो. हे रंग मुलाला सोपं शोधता यावं म्हणून आहेत, अडवायला नाहीत, नाहीतर ते पण एक कुलूपच झालं.

आता पैशाचं कुलूप. अनामत. आपल्याला ती रक्कम किरकोळ वाटते पण आमच्या भागात दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांच्याबरोबर पोरं येतात, कायमचा पत्ता नाही, आधार कार्ड गावाकडं, अनामत कोण भरणार. कर्नाटकात बघा, 2019 मध्ये त्यांनी ग्रामपंचायतींची ग्रंथालयं, पाच हजार सहाशेच्या वर आहेत ती, ग्रामविकास खात्याकडे घेतली आणि 2020 पासून मोहीम काढली, ‘ओदुव बेळकु’, म्हणजे वाचनाचा उजेड, सहा ते अठरा वयाच्या मुलांना सभासदत्व फुकट. सीमेपलीकडचंच राज्य आहे, कोल्हापूर-सोलापूरवाल्यांनी एसटीनं जाऊन बघून यावं.

आणि दंड. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयांनी ऑक्टोबर 2021 मध्ये उशिराचा दंड बंद केला. का केला तर पंधरा डॉलर किंवा जास्त दंड साचला की कार्ड बंद व्हायचं, आणि अशी सुमारे चार लाख कार्डं बंद पडली होती, त्यातली निम्म्याहून जास्त गरीब वस्त्यांमधली. म्हणजे ज्या घरात पुस्तक नाही त्याच घरातल्या माणसाला दंडानं बाहेर ठेवलं. आमच्याकडे हिशोब रुपयात होता एवढाच फरक. एका मुलीला पुस्तक परत करायला आठवडाभर उशीर झाला, दंडाला घाबरून ती परत आलीच नाही, पुस्तक तिच्या धाकट्या भावाच्या हातून आलं. दंड आता बालविभागात नाही. त्यानं अनुदानाला काही फरक पडला नाही, खात्री करून घेतलीये मी.

बरं, टीव्ही. आमच्याकडे एका दात्यानं टीव्ही दिला, सहा महिने प्लास्टिकच्या कव्हरमध्ये होता, रिमोट माझ्या पर्समध्ये. परत पर्स! आता त्यावर शनिवारी गोष्ट लावतो. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेची स्टोरीवीव्हर वेबसाइट आहे, 2015 पासून, हजारो चित्रगोष्टी, मराठीतही भरपूर, आणि मुक्त परवान्यावर आहेत, म्हणजे डाउनलोड करा, मोठ्या पडद्यावर दाखवून मोठ्यानं वाचा, झेरॉक्सवाल्याकडनं प्रिंट काढून स्टेपल मारा, कुणी विचारणार नाही, फक्त लेखक-चित्रकाराचं नाव राहू द्या. बालभारतीचा ‘किशोर’ 1971 पासून निघतोय, त्याचे जुने अंक वेबसाइटवर फुकट आहेत, ते लावले की आजोबा लोक नातवाला ढकलून पुढं बसतात. केंद्र सरकारचं राष्ट्रीय ई-पुस्तकालय 2024 मध्ये आलं, तीन ते अठरा वयाचे चार गट केलेत. ते ॲप पालकांच्या फोनवर टाकून द्या, पण फोन घरी बाबांकडे असतो, आणि बाबा आठला येतात, हे विसरू नका.

कॉम्प्युटरवर देवघेव आणली तेव्हा मला स्वतःला काही विशेष वाटलं नव्हतं. पण बारकोड मशीनचा तो ‘टीं’ आवाज! पाचवीची दोन पोरं रोज येऊन विचारायला लागली, आम्ही मारू का. मग त्यांनाच बसवलं, मी शेजारी. आता पोरं पुस्तक न्यायला येतात का आवाज ऐकायला येतात माहिती नाही, मी विचारत नाही. आणि एक खरा फायदा, कुठलं पुस्तक तीन वर्षांत एकदाही हललं नाही याची यादी दोन मिनिटांत निघते. यादी बघून लाज वाटली, कारण त्यातली बरीचशी खरेदी मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली होती. कळलं ना काय म्हणतेय ते.

वेळेचं बोलते आणि थांबते. आपलं वाचनालय सकाळी उघडतं तेव्हा पोरं शाळेत, संध्याकाळी उघडतं तेव्हा क्लासला. आणि बालविभागाची जागा गेली अभ्यासिकेला. स्पर्धा परीक्षेची मुलं आहेत, फी देतात, त्यांचं पण चुकत नाही, पण शनिवारी गोष्टीला पंचवीस पोरं हसली की आतनं ‘शांतता राखा’ची पाटी घेऊन कुणीतरी येणारच. आम्ही गोष्ट गच्चीवर नेली, उन्हाळ्यात संध्याकाळी सहाला. तक्रार करायला आलेल्यांपैकीच एक मुलगा चार शनिवार वाचून दाखवायला बसला, फार छान आवाज काढायचा राक्षसाचा. मग त्याची मुख्य परीक्षा आली, तो पुण्याला गेला. पोरं अजून विचारतात तो दादा कुठंय.

हे सगळं काही मी नवीन शोधलेलं नाही. सयाजीरावांनी 1910 मध्ये बोर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बडोद्याला आणला, तिथं मुलांसाठी वेगळा विभाग होता, खेळ होते, खेड्यात पुस्तकांच्या लाकडी पेट्या जायच्या. आत्ता नाशिकचं कुसुमाग्रज प्रतिष्ठान शंभर-शंभर पुस्तकांच्या पेट्या फिरवतंच की, त्याला कुठं वायफाय लागतं. फिनलंडमध्ये हेलसिंकीचं ऊडी नावाचं ग्रंथालय 2018 ला उघडलं, तिथं बाबागाड्या लावायला पार्किंग आहे. आपल्याकडे जिना आहे. तेवढं जरी खाली आणता आलं, बालविभाग तळमजल्यावर, तरी आजी नातवाला घेऊन येईल. पैशासाठी केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या असमान निधीत, म्हणजे ज्यात राज्य सरकारनं आपला वाटा घालायची अट नसते त्यात, बालकोपऱ्याला मदत असते, प्रस्ताव वेळेत पाठवा, जिल्हा ग्रंथालयात चौकशी करा.

मगाचपासून मागून एक सर विचारतायत, किल्लीचं काय केलं. आहे अजून. कपाटांना नवीन दारं लावली, कुलूप पण लावलंय. आत फिनेल, झाडू आणि निर्लेखनाच्या ठरावाची वाट बघणारी पुस्तकं असतात.

चहा आला वाटतं.