ब्रेक दाबण्याआधीचा दीड सेकंद

१८ मार्च २०१८. रविवार, रात्रीचे दहा वाजत आलेले. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यातलं टेंपी शहर. मिल अ‍ॅव्हेन्यू या रुंद रस्त्यावर एक बाई सायकल हातानं ढकलत पलीकडे निघाली आहे. ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास वेगानं एक व्होल्वो येते आहे. गाडी उबरची, चाचणीवरची, आपली आपण चालणारी. स्टिअरिंगपाशी देखरेखीला एक महिला चालक आहे.

गाडी धडकते. बाईचा जीव जातो.

काही दिवसांतच गाडीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण बाहेर आलं. त्यात सगळा काळोख, आणि त्या काळोखातून बाई एकदम समोर. ही धडक टाळणं कुणालाही अवघड गेलं असतं, असं शहराच्या पोलीस प्रमुखही सुरुवातीला म्हणाल्या. आपल्याकडच्या अपघातांनंतरही हेच ऐकू येतं: "साहेब, अचानक आडवा आला, ब्रेक मारायला वेळच मिळाला नाही."

हे खरं की खोटं, ते मोजून पाहता येतं.

समोर काहीतरी दिसतं. ते काय आहे हे उमगतं. काय करायचं ते ठरतं. मग पाय उचलून ब्रेकवर जातो. एवढ्याला लागणारा वेळ म्हणजे रिअ‍ॅक्शन टाइम. लक्ष रस्त्यावर असलेल्या चालकाला तपासात बहुधा दीड सेकंद देतात. अंधार, थकवा, वय यांनी तो लांबतो. रस्ता आखताना इंडियन रोड्स काँग्रेस, म्हणजे आपल्याकडे रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था, तर अडीच सेकंद धरते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ताशी १०० च्या वेगानं तेवढ्यात गाडी ७० मीटर पुढे गेलेली असते, आणि ब्रेक तेव्हा कुठे लागू लागतो.

तपास करणारा उलटा चालत जातो. धडकेच्या जागेपासून मागे. डांबरावरच्या टायरच्या खुणांवरून वेग काढतो. एबीएसच्या, म्हणजे ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या गाड्यांत या खुणा पुसट असतात, म्हणून एअरबॅगच्या यंत्रणेत नोंदलेले शेवटचे काही सेकंद वाचतो. पण माझ्या मते सगळ्यात मोलाचा प्रश्न वेगळाच आहे: समोरचा माणूस किती लांबून दिसू शकत होता? कॅमेऱ्याला नव्हे, डोळ्याला. कॅमेऱ्यातला काळोख हा डोळ्यासमोरचा काळोख नसतो.

टेंपीच्या पोलिसांनी हे गणित मांडलं. नजर रस्त्यावर असती, तर चालकानं ४४ मीटर आधी प्रतिसाद दिला असता आणि गाडी त्या बाईच्या १३ मीटर अलीकडे उभी राहिली असती. नजर मात्र खाली होती. मोबाइलवर कार्यक्रम सुरू होता. मान वर झाली ती अगदी शेवटच्या क्षणी.

आणि यंत्र? अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं २०१९ मध्ये सांगितलं की, रडारनं तिला ५.६ सेकंद आधीच टिपलं होतं. सॉफ्टवेअर मात्र ठरवत बसलं: वाहन आहे, आणखी काही आहे, सायकल आहे. धडक होणार हे कळलं तेव्हा १.२ सेकंद उरले होते. खोट्या इशाऱ्यांवर गाडीनं उगाच ब्रेक लावू नये म्हणून तिला तिथे एक सेकंद थांबायला शिकवलेलं होतं. माणसाचा उशीर त्याच्या शरीरात असतो. हा उशीर कुणीतरी बसून लिहिला होता. व्होल्वोचा स्वतःचा आपत्कालीन ब्रेकही बंद ठेवलेला होता.

बाई झेब्रा क्रॉसिंग सोडून रस्ता ओलांडत होती आणि तिच्या रक्तात अमली पदार्थ आढळले, हेही अहवालात आहे. पण "अचानक" हा शब्द तिला लागू होत नाही. ती चालत होती, धावत नव्हती. डावीकडून निघून एकेक लेन पार करत ती शेवटच्या लेनमध्ये पोहोचली होती. त्याला कित्येक सेकंद लागले होते.

कंपनीवर फौजदारी खटला झाला नाही. चालकानं २०२३ मध्ये गुन्हा कबूल केला. शिक्षा झाली ती तुरुंगाची नाही, तीन वर्षांच्या देखरेखीची, म्हणजे प्रोबेशनची.