सीमेपलीकडची गाडी, अलीकडचा कर

श्रोतेहो, नमस्कार.

नागपूरच्या कुठल्याही सिग्नलवर दोन मिनिटे थांबले, तरी एमएच ३१, एमएच ४० आणि एमएच ४९ या आपल्या ओळखीच्या क्रमांकांच्या गर्दीत एखादी एमपी २८, एखादी एमपी २२ आणि अधूनमधून एखादी सीजी ०४ दिसल्यावाचून राहत नाही. पहिली छिंदवाड्याची, दुसरी सिवनीची आणि तिसरी रायपूरची. त्यांतल्या काही गाड्या पाहुण्या असतात आणि संध्याकाळी परत जातात. काही मात्र वर्षानुवर्षे धरमपेठेतल्या नाहीतर मानेवाड्यातल्या एखाद्या अंगणात मुक्काम ठोकून असतात. आजचे भाषण या दुसऱ्या प्रकारच्या गाड्यांविषयी, म्हणजे राज्याची सीमा ओलांडून कायमच्या राहायला आलेल्या वाहनांची नोंदणी आणि त्यांच्यावरचा कर यांविषयी आहे.

ही सीमा तशी फार जुनी नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होते आणि छिंदवाडा, सिवनी, बालाघाट, रायपूर ही सारी गावे त्याच राज्यात होती. त्या दिवशी विदर्भ मुंबई राज्यात गेला, पुढे १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला, आणि सावनेर ओलांडून सौंसरला किंवा देवलापार ओलांडून खवाशाला जाणे म्हणजे परराज्यात जाणे ठरले. सौंसर-पांढुर्ण्याकडे घराघरांत मराठी बोलली जाते आणि सोयरिकी आजही सीमा न बघता होतात. रोड टॅक्स मात्र सीमा बघूनच लागतो.

असे का, हा प्रश्न मला पुष्कळ जण विचारतात. गाडी भारतात नोंदवलेली आहे, रस्ता भारतातला आहे, मग कर पुन्हा का द्यायचा? याचे उत्तर राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत आहे. यांत्रिक वाहने हा विषय समवर्ती सूचीत, ३५ व्या क्रमांकावर आहे, त्यामुळे नोंदणी, परवाना आणि हस्तांतरण यांचे नियम संसदेने केलेल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने देशभर एकसारखे ठरतात. वाहनांवर कर बसवणे हा विषय मात्र राज्य सूचीत, ५७ व्या क्रमांकावर आहे, आणि म्हणून महाराष्ट्रात तो १९५८ च्या मोटार वाहन कर अधिनियमाखाली घेतला जातो, तर मध्य प्रदेशात त्यांच्या स्वतःच्या कायद्याखाली. थोडक्यात, तुमचा नंबर साऱ्या देशाचा असतो, पण तुम्ही भरलेला कर एकाच राज्याच्या तिजोरीत पडलेला असतो. १९८८ च्या कायद्याचे ४६ वे कलम सांगते की एका राज्यातली नोंदणी साऱ्या भारतात ग्राह्य आहे, आणि ते कलम मोबाइलवर दाखवून पोलिसांशी वाद घालणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांचे म्हणणे चुकीचे नसते, फक्त ते अर्धेच असते. उरलेला अर्धा भाग लगेच पुढच्या कलमात आहे.

ते ४७ वे कलम असे सांगते की एका राज्यात नोंदवलेले वाहन दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवले, तर मालकाने त्या दुसऱ्या राज्यातल्या नोंदणी प्राधिकाऱ्याकडे नव्या क्रमांकासाठी अर्ज केला पाहिजे. या १२ महिन्यांवरून आपल्याकडे एक समजूत पक्की झाली आहे की पहिले वर्ष करमुक्त असते. कायद्यात तसे लिहिलेले नाही. १२ महिन्यांची मुदत आहे ती नव्या क्रमांकासाठी. करासाठी राज्याचा कायदा बघावा लागतो, आणि महाराष्ट्राच्या कायद्याची भाषा अशी आहे की राज्यात वापरल्या जाणाऱ्या किंवा वापरासाठी ठेवलेल्या वाहनावर कर लागतो. तुम्ही बदलीवर आलात, घर भाड्याने घेतले, मुलांची नावे शाळेत घातली आणि गाडी रोज वर्धा रोडवरून कार्यालयात नेऊ लागलात, तर ती गाडी पाहुणी आहे हे पटवून देणे तुमचे तुम्हालाच जड जाईल. ज्याची गाडी खरोखर येऊनजाऊन असते, त्याने फास्टॅगच्या नोंदी आणि टोलच्या पावत्या जपून ठेवाव्यात, कारण गाडी राज्यात कधी आली आणि कधी गेली याचा तोच पुरावा असतो. शिवाय पत्ता बदलल्याची सूचना ३० दिवसांत देण्याचे ४९ वे कलम वेगळे आहेच, पण त्याची आठवण फार थोड्यांना असते.

आता मुख्य कागदाकडे वळू. तो कागद म्हणजे ना-हरकत प्रमाणपत्र, ज्याला सगळे जण एनओसी म्हणतात आणि जे २८ क्रमांकाच्या नमुन्यात मिळते. गाडी जिथे नोंदवलेली आहे त्या कार्यालयातूनच ते घ्यावे लागते, आणि ते कोणत्या कार्यालयासाठी हवे आहे हे त्यात लिहावे लागते. नागपूर शहर, नागपूर ग्रामीण आणि पूर्व नागपूर ही तीन वेगळी कार्यालये आहेत, हे बाहेरच्या माणसाला ठाऊक नसते. तेव्हा आपण राहतो तो भाग कोणत्या कार्यालयाखाली येतो हे आधी विचारून घ्यावे. एनओसी देण्यापूर्वी तिकडच्या प्राधिकाऱ्याने दोन गोष्टी पाहायच्या असतात: गाडी चोरीची असल्याची नोंद पोलिसांकडे नाही ना, आणि रोड टॅक्ससह सगळी देणी भरलेली आहेत ना. ई-चालान थकलेले असेल तर बहुधा इथेच गाडे अडते. एनओसीविषयीच्या कलमात नागरिकाच्या बाजूची एक तरतूद आहे आणि ती मला फार आवडते: अर्जाची पावती मिळाल्यापासून ३० दिवसांत प्राधिकाऱ्याने परवानगीही दिली नाही आणि नकारही कळवला नाही, तर प्रमाणपत्र दिले असेच मानले जाते. म्हणून अर्जाची पावती हरवू नये. नव्या राज्यात त्या पावतीच्या आधारे, नकार आलेला नाही अशा प्रतिज्ञेसह अर्ज करता येतो.

हे सारे मी इतरांना गेली अनेक वर्षे सांगत आलो आहे, आणि तरीही माझ्या स्वतःच्या घरी जे घडले ते सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरे नव्हे. माझे सासरे सौंसरचे. वय झाल्यावर त्यांनी गाडी चालवणे सोडले आणि एके दिवशी किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाले, "जावईबापू, आता ही तुमच्या अंगणात राहू द्या." मी गाडी आणली, आणि कागदांचे काय, पुढच्या महिन्यात बघू, असे म्हणत सहा महिने काढले. शेवटी अर्ज करायला बसलो तेव्हा आरसी बुकावर एका बँकेच्या कर्जाचा बोजा तसाच दिसला. कर्ज कधीच फिटले होते, शेवटचा हप्ता भरल्याची पावतीही सासऱ्यांच्या ट्रंकेत होती, पण बोजा उतरवण्याचा ३५ क्रमांकाचा नमुना बँकेकडून भरून घेण्याचे राहून गेले होते. दरम्यान ती शाखा दुसऱ्या शाखेत विलीन झाली होती आणि जुने खाते कोणाकडे आहे हे कोणालाच सांगता येईना. चार महिने गेले. तोवर विमा संपत आला होता. सासूबाई एवढेच म्हणाल्या की दुसऱ्यांचे कागद बघणाऱ्या माणसाने आपले आधी बघावेत.

गाडी विकत घेतलेली असो की घरातल्या घरात दिलेली, दुसऱ्या राज्यातून येताना तिच्याबाबत दोन कामे असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक काम मालकाचे नाव बदलण्याचे, ज्यासाठी २९ आणि ३० क्रमांकांचे नमुने असतात. दुसरे काम क्रमांक बदलण्याचे, ज्यासाठी २७ क्रमांकाचा नमुना असतो. विकणाऱ्याने हस्तांतरणाची खबर स्वतःच्या राज्यातल्या व्यवहारात १४ दिवसांत आणि परराज्यातल्या व्यवहारात ४५ दिवसांत द्यायची असते, घेणाऱ्याने ३० दिवसांत. "एमपी पासिंगची गाडी हाय, स्वस्तात भेटून राहिली," असे म्हणत कोऱ्या कागदांवर सह्या घेऊन जी गाडी आणली जाते, तिचा खरा मालक कागदोपत्री तोच जुना माणूस राहतो, आणि उद्या अपघात झाला तर न्यायाधिकरणाची नोटीस त्याच्या दारात जाते. विकणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. घेणाऱ्यांनी आणखी एक हिशेब करावा. दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात दक्षिणेकडे येतात. परंतु खासगी गाडीच्या नोंदणीची १५ वर्षे पहिल्या नोंदणीपासून मोजतात, नागपुरात नवा क्रमांक मिळाल्यापासून नव्हे. १० वर्षांची गाडी घेणाऱ्याच्या पदरात पाचच वर्षे पडतात, आणि त्यानंतर नूतनीकरण, तपासणी व पर्यावरण कर हे ओघाने आलेच.

कराचा आकडा किती, हे आता सांगतो. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या नव्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंतच्या किमतीवर ११ टक्के, १० ते २० लाखांवर १२ टक्के आणि त्यापुढे १३ टक्के असा एकरकमी कर आहे. डिझेलला याच टप्प्यांवर १३, १४ आणि १५ टक्के. कंपनीच्या नावावरच्या गाडीला किंवा परदेशातून आणलेल्या गाडीला २० टक्के लागतात. १ जुलै २०२५ पासून या एकरकमी कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाख रुपये झाली, पण ती चिंता आपल्यापैकी बहुतेकांची नाही. आठ लाखांच्या नव्या पेट्रोल गाडीला ८८ हजार रुपये पडतात. परराज्यातून आलेल्या जुन्या गाडीला मात्र वयाप्रमाणे कमी टक्के लागतात, म्हणजे गाडी जितकी जुनी तितका कर कमी. एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे: तिकडे भरलेला कर इकडच्या करातून वजा होत नाही. इथे आधी पूर्ण भरायचा आणि तिकडच्या उरलेल्या वर्षांचा परतावा तिकडे जाऊन मागायचा, असा हा उलटा प्रवास आहे. माझ्या मते नागरिकाला या साऱ्या व्यवहारात सर्वांत जास्त जाच होतो तो इथेच, कारण दोन राज्यांच्या तिजोऱ्या एकमेकींशी बोलत नाहीत आणि निरोप पोहोचवण्याचे काम गाडीच्या मालकाला करावे लागते.

पूर्वी याहून वाईट होते, हेही खरे. महाराष्ट्रात १९८७ च्या एका कायद्याने बाहेरून आणलेल्या वाहनांवर वेगळा प्रवेश कर लागत असे. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर तो गेला. आणि वारंवार बदली होणाऱ्यांसाठी सप्टेंबर २०२१ पासून बीएच, म्हणजे भारत, क्रमांकांची मालिका निघाली. सैन्यदलांतले, केंद्र व राज्य शासनातले, सार्वजनिक उपक्रमांतले कर्मचारी आणि ज्यांच्या कंपनीची कार्यालये किमान चार राज्यांत किंवा केंद्रशासित प्रदेशांत आहेत असे खासगी नोकरदार ती घेऊ शकतात. या मालिकेत कर एकदम १५ वर्षांचा न भरता दोन-दोन वर्षांचा भरायचा असतो. त्याचे मूळ दर किमतीप्रमाणे ८, १० आणि १२ टक्के, डिझेलला २ टक्के जास्त आणि विजेवरच्या गाडीला २ टक्के कमी. बदली झाली की क्रमांक बदलावा लागत नाही. आपल्या नागपुरात वायुसेनेचे आणि आयुध निर्माणीचे लोक पुष्कळ आहेत, त्यांच्या सोसायट्यांत हे बीएच क्रमांक आता सर्रास दिसतात. ज्यांना हे लागू नाही, पण गाडी परराज्यातूनच घ्यायची आहे, त्यांनी नवी गाडी तात्पुरत्या नोंदणीवर आणून पक्की नोंदणी आपल्या पत्त्यावर नागपुरातच करावी. मग कर एकदाच लागतो आणि परताव्याचा प्रश्नच येत नाही.

परदेशातून गाडी आणण्याविषयी थोडक्यात बोलतो, कारण अमेरिकेतली मुले तिकडची गाडी बाबांसाठी पाठवायचे म्हणतात, असे विचारणारे दरवर्षी एकदोन जण भेटतात. अमेरिकेतल्या गाडीचे चाक डावीकडे असते आणि भारतात आयात करायच्या जुन्या गाडीचे चाक उजवीकडे असलेच पाहिजे. गाडी तयार होऊन तीन वर्षांहून अधिक काळ झालेला नसावा, आणि ती मुंबई बंदरातूनच उतरवावी लागते. एवढे सगळे जुळले तरी सीमाशुल्काची रक्कम गाडीच्या किमतीहून जास्त भरते. मुलांनी विमानाचे तिकीट पाठवावे, असे मी त्या बाबांना सांगतो.

पुन्हा सौंसरच्या गाडीकडे येतो. बोजा उतरला, एनओसी मिळाली, नागपुरात तपासणीच्या दिवशी चेसिस क्रमांकाची पेन्सिलने छाप घेतली गेली, कर भरला आणि गाडीला एमएच ३१ क्रमांक मिळाला. त्यानंतरही तीन कामे उरतात: नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवणे, विम्याच्या पॉलिसीवर नवा क्रमांक चढवून घेणे, आणि फास्टॅगची नोंद बदलणे. शेवटचे काम मी विसरलो, आणि पहिल्याच टोल नाक्यावर जुन्या क्रमांकाचा फास्टॅग असलेली नव्या क्रमांकाची गाडी घेऊन बाजूला उभा राहिलो. परताव्याचा अर्ज नव्या आरसीची प्रत जोडून तिकडच्या कार्यालयात दिला आहे. सासरे दर रविवारी फोनवर त्याची चौकशी करतात.

नमस्कार.