हजेरीपटावर नसलेली पोरं

(दृश्य : शास्त्री रस्ता, पहाट. अभ्यासिकेच्या जिन्यात चपलांचा ढीग.)

पुण्यातला शास्त्री रस्ता, नवी पेठ, सदाशिव पेठ. इथल्या अभ्यासिका उजाडायच्या आत भरतात. परभणी, बीड, बुलढाणा, नंदुरबारहून पोरं-पोरी पदवी पदरात पडताच एमपीएससीसाठी इथं येतात. कॉट बेसिसवर राहायचं, मेसला जेवायचं आणि उरलेला दिवस एका खुर्चीवर काढायचा.

(दृश्य : टेबल, जवळून.)

दोन्ही बाजूंना प्लायवूड, समोर महाराष्ट्राचा नकाशा, खाली चिकटवलेलं टाइमटेबल. झोपेचे सहा तास खोडून पाच केलेत. पूर्व, मुख्य, मुलाखत. मुलाखतीत हुकलं तरी पुन्हा पूर्वपासून सुरुवात. दोन मार्कांनी पोस्ट गेलेला पोरगा चार दिवसांनी याच खुर्चीवर येऊन बसतो. गावाकडच्या मित्रांची लग्नं होतात, आणि घरचा फोन वाजला की तो उचलावासा वाटत नाही.

(दृश्य : ११ मार्च २०२१, रस्त्यावर विद्यार्थी.)

तीन दिवसांवर आलेली पूर्वपरीक्षा पुढे ढकलली, तेव्हा हा रस्ता असा भरला होता.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. सर्वाधिक, १,७६४, महाराष्ट्रात.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना, कोचिंग क्लासेसनासुद्धा, समुपदेशक नेमायला सांगितलं. पण कॉलेज संपलं, क्लास सुटला आणि नुसती अभ्यासिका उरली, त्या पोराची हजेरी कोण घेणार?

(दृश्य : मेस, रात्र.)

घेतात या काकू. कुणाचं ताट दोन दिवस तसंच परत आलं, हे त्यांना बरोबर माहीत असतं. आणि घेतो शेजारच्या कॉटवरचा मित्र. रात्रभर कूस बदलणं, नोट्स वाटून टाकणं, ‘मी असलो काय, नसलो काय’ हे बोलणं त्याच्याच कानावर पडतं.

अशा वेळी सरळ विचारा : जीव द्यायचे विचार येतात का? विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाहीत. आधीच असतील, तर बोलायला वाट मिळते. विचार येतात म्हणाला, तर त्याला एकटं सोडू नका.

टेली-मानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६. दिवसरात्र, मोफत, मराठीतही. त्याच्यानं फोन लावणं होत नसेल, तर शेजारी बसून तुम्ही लावा.