गाण्याचा सातबारा

नमस्कार. सुरुवातीलाच एक विचारतो. सातबाऱ्यावरून ज्यांच्या घरात कधीच भांडण झालेलं नाही, त्यांनी हात वर करा. बघा, तीनच हात. त्यातले दोघं फ्लॅटवाले असणार.

हे विचारायचं कारण असं, की आज ज्या माणसाबद्दल बोलायचं आहे तो अमेरिकेतला रॉक गायक आहे, आणि त्याची सगळी हयात मला तरी शेतीच्याच भाषेत नीट कळली. कसणारा तो, पीक काढणारा तो, उताऱ्यावर नाव दुसऱ्याचं. आपल्याकडे 'कसेल त्याची जमीन' असा निदान कायदा तरी आला. गाण्यांना कूळकायदा नाही.

माणसाचं नाव जॉन फोगर्टी. बँडचं नाव क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल. मी आपलं नुसतं क्रीडन्स म्हणेन. नाव ऐकलं नसेल, पण 'हॅव यू एव्हर सीन द रेन' कानावरून गेलेलं असतं. कॉलेजच्या गॅदरिंगला जो पोरगा गिटार घेऊन कोपऱ्यात बसतो, तो दोनचार सोप्या कॉर्ड्समध्ये हे गाणं हमखास ओढतो. मी स्वतः तो पोरगा होतो, आणि वाईट वाजवायचो.

सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडे, बर्कलीच्या शेजारी एल सेरिटो नावाचं छोटं शहर आहे. तिथल्या शाळेत तीन पोरं एकत्र आली. जॉन, स्टू कुक आणि डग क्लिफर्ड. तिघंही १९४५ सालची; स्टू आणि डगमध्ये तर एकाच दिवसाचं अंतर. १९५९च्या सुमारास त्यांनी 'ब्लू वेल्वेट्स' नावाचा शाळकरी बँड काढला. जॉनचा थोरला भाऊ टॉम त्याच्याहून साडेतीन वर्षांनी मोठा. तो आधीपासून गात होता, तोही यांच्यात आला. आणि आला तो मुख्य गायक म्हणून. हे डोक्यात ठेवा, मी शेवटी परत विचारणार आहे.

१९६४ साली फँटसी नावाच्या कंपनीने त्यांना घेतलं. ही मूळची जॅझवाली कंपनी. पहिली तबकडी हातात आली, तर त्यावर बँडचं नाव छापलेलं, 'गॉलिवॉग्ज'. कोणी विचारलंही नव्हतं. बारशाला आईबापच नाहीत, अशातला प्रकार. तीन वर्षं त्या नावाने वाजवत राहिले, आणि हळूहळू मधल्या मधे गाणारा बदलला. टॉमचा आवाज गोड होता. जॉनचा आवाज खरखरीत, घशातून ओढून काढलेला, लांबून हाक मारल्यासारखा. रेडिओवर ऐकणाऱ्याला कोणता आवाज थांबवेल हे टॉमलाही कळलं. त्याने मुख्य माइक धाकट्याला दिला. स्वतःहून दिला, असंच सगळे सांगतात.

मग व्हिएतनामची भरती आली. जॉन राखीव सैन्यात गेला, डग कोस्ट गार्डच्या राखीव दलात. ते दोघं मोकळे होईपर्यंत कंपनीचा मालक बदलला होता. तिथेच विक्रीचं काम करणाऱ्या सॉल झेंट्सने भागीदार जमवून १९६७ साली फँटसी विकत घेतली. तो म्हणाला, एलपी, म्हणजे मोठी तबकडी काढा, आणि ते नाव आधी बदला. नवं नाव तीन ठिकाणाहून जमवलं. टॉमच्या एका ओळखीच्या माणसाचं नाव क्रीडन्स. क्लिअरवॉटर एका बिअरच्या जाहिरातीतून. आणि रिव्हायव्हल, म्हणजे पुन्हा उभं राहणं, ते त्यांचं स्वतःचं.

१९६८च्या सुरुवातीला नवा करार झाला. इथे दोन मिनिटं कोरडं बोलतो, सांभाळून घ्या. एका गाण्याचे दोन उतारे असतात. एक रचनेचा: शब्द आणि चाल. दुसरा ध्वनिमुद्रणाचा: त्या दिवशी स्टुडिओत जे वाजलं त्याचा. क्रीडन्सच्या गाण्यांचे दोन्ही उतारे कंपनीच्या नावावर लागले. त्याखेरीज दर वर्षी ठरावीक गाणी देणं जॉनवर बंधनकारक. पोरं बाविशीची, आठ-नऊ वर्षं धडपडलेली. सही केली.

आणि मग जे पीक आलं! १९६९ या एकाच वर्षात तीन एलपी. 'प्राउड मेरी', 'बॅड मून रायझिंग', 'ग्रीन रिव्हर', 'फॉर्च्युनेट सन', सगळी त्याच वर्षातली. अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत त्यांची एकूण पाच गाणी दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली आणि पहिल्यावर एकही नाही. वर्गात कायम दुसरा येणाऱ्या मुलाची व्यथा ज्यांना माहीत आहे, त्यांना हे पटकन कळेल.

ही गाणी ऐकून लोकांना वाटायचं, ही मंडळी लुइझियानाच्या दलदलीतली, मिसिसिपीच्या काठची. कसलं काय! सगळे कॅलिफोर्नियाचे. 'ग्रीन रिव्हर' ही नदीसुद्धा तिथलीच. लहानपणी सुटीत जॉन विंटर्स गावाजवळच्या प्यूटा क्रीक नावाच्या ओढ्यावर जायचा, तो हा ओढा. आणि 'ग्रीन रिव्हर' हे नाव? सोड्यात घालायच्या हिरव्या सरबताच्या बाटलीवरचं. पोराने दुकानात लेबल वाचलं आणि मनात ठेवून दिलं. काही लोक यावर नाक मुरडतात, म्हणतात हे खोटं दक्षिणीपण. मला नाही तसं वाटत. न पाहिलेल्या नदीचं गाणं पाहिलेल्या ओढ्यावरून बांधता येतं. फक्त ओढा खरा पाहिजे.

'प्राउड मेरी'कडे येतो. सैन्यातून सुटल्याचा कागद हातात पडला त्याच दिवशी हे गाणं हाती लागलं, असं जॉन सांगतो. सुरुवातीचे कॉर्ड बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीवरून सुचले, हेही त्यानेच सांगितलंय. पण मला सांगायचं आहे ते हॉलिवूडच्या स्टुडिओतलं. वादन झालं. मागचा कोरस चौघांनी मिळून म्हटला. जॉनला तो पसंत पडला नाही. त्याने तो काढून टाकला आणि सगळे आवाज एकावर एक चढवत स्वतःच गायला. गाणं अफाट झालं, यात वाद नाही. पण तिथे उभं राहून बघा जरा. ज्या थोरल्या भावाने मुख्य माइक सोडला, त्याला आता झीलसुद्धा धरता येत नाही.

इथून पुढे गाणी जॉनची, चाली जॉनच्या, गायन, मुख्य गिटार, निर्मिती, व्यवस्थापनाचे निर्णय, सगळं जॉनचं. १९७० साली त्याने फर्मान काढलं, की कार्यक्रम संपला की संपला, 'वन्स मोअर' घ्यायचा नाही. लोक ओरडताहेत, बाकीचे तिघं पडद्याआड तळमळताहेत, हा ढिम्म. वुडस्टॉकचंही तसंच. १९६९च्या ऑगस्टमधला तो गाजलेला संगीत महोत्सव. मोठ्या बँडपैकी पहिली सही क्रीडन्सने केली, दहा हजार डॉलरला. त्यांची पाळी आली मध्यरात्र उलटल्यावर, ग्रेटफुल डेड नावाच्या बँडच्या लांबलेल्या कार्यक्रमानंतर. जॉनला समोर दिसली ती चिखलात झोपलेली गर्दी. आपला कार्यक्रम चांगला झाला नाही, असं ठरवून त्याने महोत्सवावरच्या सिनेमात आणि तबकडीत तो घेऊ दिला नाही. बाकीच्यांना तो उत्तम वाटत होता. ते मुद्रण पूर्ण बाहेर आलं २०१९ साली. मी ऐकलंय. बाकीचे बरोबर होते.

आता माझं मत सांगतो, पटलं नाही तर चहाच्या वेळी भांडा. जॉन फोगर्टीची गोष्ट नेहमी 'लबाड मालक आणि भोळा कलावंत' अशी सांगितली जाते. झेंट्स लबाड होता की नुसता पक्का व्यापारी, ते बाजूला ठेवू. पण कंपनीपुढे कूळ असलेला हा माणूस बँडमध्ये खोत होता. तिथे कसणारे चौघं आणि शब्द एकाचा. स्टू आणि डगने ती जी थाप धरली आहे, ना एक मात्रा जास्त ना कमी, ती काढून बघा, काय उरतं. अर्थात हेही खरं, की जॉनची गाणी काढली तर काहीच उरत नाही. म्हणून तर ही भाऊबंदकी सुटत नाही. दोन्ही बाजूंचा हिस्सा खरा आहे.

१९७१च्या सुरुवातीला टॉम बाहेर पडला. उरलेल्या तिघांनी 'मार्डी ग्रा' नावाची एलपी केली, गाणी समान वाटून. जॉन म्हणतो, त्यांनी हट्ट धरला. ते म्हणतात, जॉननेच चिडून लादलं. वाटणीच्या प्रत्येक गोष्टीच्या दोन हकिकती असतात. तबकडी पडली, आणि १९७२च्या ऑक्टोबरमध्ये बँड मोडला. सव्वाचार वर्षं, सात एलपी, खेळ खलास.

करारातून सुटण्यासाठी जॉनने जुन्या गाण्यांच्या मानधनावर पाणी सोडलं. बँडची बरीचशी बचत करसल्लागारांच्या नादाने बहामामधल्या एका बँकेत होती, ती १९७७ साली बुडाली. तिकडे क्रीडन्सच्या कमाईवर उभ्या राहिलेल्या कंपनीच्या मालकाने सिनेमे काढले. आणि भिकार नाही हं, उत्तम काढले. 'अमॅडिअस'सकट तीन सिनेमांना सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. जॉनने मग ठरवलं, की आपली जुनी गाणी गायचीच नाहीत. गायला बंदी नव्हती. पण गायलं की रचनेचे पैसे झेंट्सकडे जाणार. स्वतःचंच शेत, स्वतःच पडीक टाकलं.

१९८५ साली तो 'सेंटरफील्ड' घेऊन परतला. सगळी वाद्यं एकट्याने वाजवलेली, आणि ती एलपी पहिल्या क्रमांकावर गेली. त्यात पाकीट मारणाऱ्या डुकराचं एक गाणं होतं, 'झँझ कान्ट डान्स'. कोणाबद्दल ते सांगायला नको. अब्रूनुकसानीचा दावा आला, आणि झँझचा व्हँझ झाला. दुसरा दावा मात्र जगात विरळा. कंपनी म्हणाली, 'दि ओल्ड मॅन डाउन द रोड' हे नवं गाणं १९७०च्या 'रन थ्रू द जंगल'ची नक्कल आहे. जुनं गाणं कोणी लिहिलं? जॉन फोगर्टीने. नवं? जॉन फोगर्टीने. म्हणजे तो स्वतःचीच चोरी करतो, आणि चोरी कंपनीच्या मालाची!

१९८८ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल कोर्टात हा माणूस गिटार घेऊन साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बसला. ज्युरीला वाजवून दाखवलं, की हे एक गाणं, हे दुसरं. दोन्हीत सारखी आहे ती माझी बोटं चालायची सवय. आपल्याकडच्या श्रोत्याला हे समजवावं लागत नाही. एकाच गवयाने दोन दिवस गायलेला यमन ऐकला, की चीज कोणती आणि गळ्याची चाल कोणती, हे आपोआप कळतं. ज्युरीलाही कळलं. जॉन जिंकला. मग वकिलाच्या खर्चाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तोवर अनेक न्यायालयं दावा लावणारा जिंकला तर खर्च सहज देत, पण ज्याच्यावर दावा लागला तो जिंकला तर दावा खोडसाळ होता हे दाखवायला लावत. मार्च १९९४मध्ये निकाल आला, की दोघांना माप एकच. जॉनला पुढे तेरा लाख डॉलरच्या वर खर्च मिळाला, आणि 'फोगर्टी विरुद्ध फँटसी' हा खटला आज तिथले कायद्याचे विद्यार्थी अभ्यासतात.

जुनी गाणी तो पुन्हा गाऊ लागला ती टप्प्याटप्प्याने. फेब्रुवारी १९८७मध्ये लॉस एंजेलिसच्या पालोमिनो क्लबात गायक बॉब डिलन त्याला मंचावर म्हणाला, की तू हे गाणं म्हटलं नाहीस तर जग 'प्राउड मेरी' ते गाऊन गाजवणाऱ्या टीना टर्नरचंच समजेल. म्हटलं त्याने. त्याच वर्षी चार जुलैला व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांसाठी गायला. मग १९९०च्या सुमारास तो खरोखरच्या मिसिसिपीत गेला, ब्लूजवाल्या रॉबर्ट जॉन्सनच्या थडग्यापाशी. तिथे त्याच्या मनात आलं, की या माणसाच्या गाण्यांची मालकी आज कुठल्या तरी उंच इमारतीतल्या वकिलाकडे असेल, पण गाणी तर रॉबर्टचीच म्हणतात ना सगळे.

१९९०च्याच सप्टेंबरात टॉम गेला. पाठीच्या शस्त्रक्रियेत दिलेल्या रक्तातून एड्सची बाधा झाली होती. टॉमने शेवटपर्यंत झेंट्सची बाजू घेतली, आणि भावाभावांत दिलजमाई झाली नाही. १९९३ साली बँडचा मोठा सन्मान झाला, तेव्हा जॉनने स्टू आणि डगबरोबर वाजवायला नकार दिला. तो वाजवत असताना ते दोघं मंचाबाहेर राहिले. एवढ्या लढाईनंतर आलेला हा आडमुठेपणा मला समजतो. आवडत नाही.

कंपनी २००४ साली विकली गेली, नव्या मालकांनी त्याचं मानधन पुन्हा सुरू केलं. आणि जानेवारी २०२३मध्ये, सत्त्याहत्तराव्या वर्षी, रचनांच्या हक्कांतला बहुतांश वाटा त्याच्या हाती आला. फेरफार झाला एकदाचा. ध्वनिमुद्रणाचा उतारा अजून दुसऱ्याच्याच नावावर आहे. म्हणून २०२५ साली त्याने जुनी गाणी मुलांना बरोबर घेऊन नव्याने मुद्रित केली.

संयोजक घड्याळ दाखवताहेत. 'प्राउड मेरी'चं १९६९चं मूळ मुद्रण लावतो, तीन मिनिटांचं आहे. आता मघाचा प्रश्न. मागचा कोरस आला की टॉमला शोधू नका, ते सगळे आवाज जॉनचे आहेत. टॉम खाली आहे, ऱ्हिदम गिटारीत. तिकडे कान लावा. जरा आवाज वाढवता का?