लायटर कोणाकडे आहे?

(वरून दिसणारी निळी ताडपत्री, तिच्यावर सामानाचा ढीग, भोवती आठ माणसं.)

हा जो ढीग दिसतोय ना, तो आठ जणांचा पाच दिवसांचा संसार आहे. तीन गाड्या, चार रात्री तंबूत, आणि मधे साडेतीनशे किलोमीटरचा एक पट्टा असा की जिथे पंप नाही, दुकान नाही, मोबाईलला रेंज नाही. निघायला अजून एक आठवडा आहे. आज सगळ्यांनी आपापल्या घरून सामान आणून इथे पसरलंय. भरायचं नाही, नुसतं पसरायचं आणि बघायचं.

ही अक्कल मागच्या वेळी आली. तेव्हा ग्रुपवर चांगली लांबलचक लिस्ट पडली होती आणि प्रत्येकाने तिच्याखाली अंगठा टाकला. मराठीत अंगठा दाखवणं म्हणजे काय ते पहिल्याच रात्री कळलं. तीन स्टोव्ह निघाले, पाच चाकू निघाले, लायटर एकही नाही. प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याकडे असेलच की. सिगरेट लायटरचं सॉकेट तिन्ही गाड्यांना होतं, पण त्यात हल्ली लायटर नसतोच, आपण त्यावर मोबाईल चार्ज करतो, त्यामुळे आठच्या आठ मोबाईल फुल चार्ज आणि रात्रीचं जेवण गार.

ग्रुपने जाताना सामान कमी पडत नाही हो, उलट डोक्यावरून जाईल इतकं होतं, फक्त नेमकं हवं ते कोणाकडेच नसतं. म्हणून यावेळी काय घ्यायचं हा प्रश्न नंतर. आधी प्रत्येक वस्तूला विचारायचं की बाई तू कितीमागे एक? माणशी एक, गाडीमागे एक, का सगळ्यांत मिळून एक?

झोपायची बॅग, ताट-वाटी, पाण्याची बाटली, डोक्याला लावायचा टॉर्च हे माणशी. टॉर्च डोक्यालाच लावायचा घ्या, कारण अंधारात तंबू ठोकताना किंवा टायर बदलताना दोन्ही हात लागतात आणि हातातला टॉर्च शेवटी दातात धरावा लागतो. स्पेअर व्हील, जॅक, पाना, जंप केबल, आग विझवायचा छोटा सिलिंडर हे गाडीमागे. जॅकखाली ठेवायला एक जाड फळी पण गाडीमागेच, नाहीतर वाळूत किंवा मऊ मातीत गाडी वर उचलली जात नाही, जॅकच खाली जातो. स्टोव्ह, हवा भरायचा कॉम्प्रेसर, ओढायचा दोर, फावडं हे सगळ्यांत मिळून. त्यातही आमचा एक नियम झालाय, जे बंद पडलं तर परत यायचे वांधे होतील ते दोन घ्यायचं, जे नसलं तर फक्त चिडचिड होईल ते एक.

आणि प्रत्येक ओळीपुढे एका माणसाचं नाव. "आपण बघू" असं नाव कोणाचंच नसतं. आमच्यातली एक जण वही घेऊन बसलीये, तिला सगळे वहीवाली ताईच म्हणतात, ती नाव लिहिल्याशिवाय पान उलटत नाही. आज तिने लायटर मोजले. अकरा. मागच्या वेळचं दूध पोळलंय ना, आता सगळे ताक फुंकतायत. तीन ठेवले, गाडीमागे एक, आणि काडेपेटी प्लास्टिकच्या बरणीत घट्ट झाकण लावून. बाकीचे आठ घरी.

(वीस लिटरचे कॅन ओळीने. एकावर निळी टेप लावली जातेय.)

आता पाणी. इथे अंदाजपंचे चालत नाही. प्यायला आणि स्वयंपाकाला मिळून माणशी दिवसाला पाच लिटर धरलंय, ऊन कडक असेल तर हेही कमी पडू शकतं. आठ जणांचं झालं चाळीस लिटर रोज. त्या मधल्या पट्ट्याला दोन दिवस लागतील आणि एक दिवस गाडी बिघडली म्हणून वर धरायचा, म्हणजे तीन दिवस, एकशेवीस लिटर. वीसचे सहा कॅन. आणि पाण्याची एक गोष्ट चांगली की तिथे लिटर म्हणजेच किलो, म्हणजे एकशेवीस किलो नुसतं पाणी आलं, कॅनचं वजन वेगळंच.

एक जण म्हणाला सगळं पाणी एका गाडीत टाकू, बाकीच्या दोन हलक्या राहतील. वहीवालीने विचारलं, "आणि तीच गाडी मागे राहिली तर?" मग दोन-दोन कॅन वाटले. शिवाय एकच मोठी टाकी कधी घेऊ नका, ती फुटली किंवा नळ गळला तर एका रात्रीत सगळं जमिनीत. वाटेत ओढ्याचं पाणी मिळालंच तर खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट उकळत ठेवायचं, दोन हजार मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं. गढूळ असेल तर आधी निवळू द्यायचं आणि फडक्यातून गाळायचं.

इंधनाचं गणित याच्यापेक्षा फसवं आहे, कारण आपण हायवेचं ॲव्हरेज डोक्यात ठेवून बसतो. आमची एक डिझेल गाडी हायवेला बारा देते, पण वाळूत, चढाला, लो गिअरमध्ये आणि एवढ्या ओझ्याने तीच सातवर येते. साडेतीनशे भागिले सात, पन्नास लिटर. त्यावर पाव हिस्सा जास्तीचा, रस्ता चुकेल, मागे फिरावं लागेल, की झाले साडेबासष्ट. टाकी साठची. अडीच लिटरसाठी एक अख्खा कॅन न्यायचा का यावर इथे अर्धा तास वाद झाला, शेवटी न्यायचाच ठरला. आणि सगळ्यात जास्त पिणारी गाडी जी असेल तिच्या हिशोबाने सगळ्यांचा प्लॅन करायचा, सरासरी काढून उपयोग नाही, सरासरीवर कुठली गाडी चालत नाही.

दोन डिझेल आणि एक पेट्रोल असं आमचं त्रांगडं आहे, त्यामुळे कॅनवर रंगीत टेप, पाणी निळी, डिझेल पिवळी, पेट्रोल लाल. इंधनाचा कॅन एकदा इंधनाचा झाला की तो जन्मभर इंधनाचाच, कितीही धुवा, पाण्याला वास येतोच. भरताना कॅन गाडीतून खाली काढून जमिनीवर ठेवून भरायचा, गाडीत ठेवून भरला तर स्टॅटिकची ठिणगी पडू शकते. काठोकाठ भरायचा नाही, उन्हात इंधन फुगतं. आणि माणसं बसतात तिथे, आत, हा कॅन ठेवायचा नाही म्हणजे नाही.

हा पत्र्याचा कॅन जरा जवळून बघा. वर तीन मुठी आहेत. मला आधी वाटायचं मजबुतीसाठी असतील. पण मधली मूठ एकट्याने उचलायला आणि बाजूच्या दोन दोघांनी मिळून उचलायला, किंवा रिकामे असतील तर दोन कॅन शेजारी धरून एका हातात दोन. हे डिझाईन 1937 सालचं, जर्मन सैन्याचं. तेव्हा ब्रिटिशांचे पातळ पत्र्याचे डबे इतके गळायचे की उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात त्यांचे सैनिक जर्मनांचे हे कॅन मिळतील तिथून उचलायचे, आणि जर्मनांना ते 'जेरी' म्हणायचे म्हणून हा झाला जेरीकॅन. वरच्या बाजूला हवेची जागा सोडलेली आहे, त्यामुळे भरलेला कॅन पाण्यात पडला तरी तरंगतो. इतकी वर्षं झाली तरी फार काही बदलावं लागलेलं नाही.

(वजनकाटा. पांढरी गाडी हळूहळू वर चढते.)

हे काम कोणीच करत नाही आणि खरंतर हेच पहिलं करायला हवं. प्रत्येक गाडीला एकूण किती वजन चालतं ते कंपनीने ठरवलेलं असतं, दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर किंवा पुस्तकात बघा. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की उरतं ते आपलं. पांढऱ्या गाडीला उरतात 480 किलो. ऐकायला खूप वाटतं. पण त्यात माणसंही आली, तीन जण म्हणजे सव्वादोनशे गेले. पाण्याचे दोन कॅन, डिझेलचा एक, जादाचं एक चाक, हे मिळून आणखी नव्वदच्या पुढे. अजून एकही तंबू आत गेलेला नाही.

सगळं भरून काट्यावर चढवली. साठ किलो जास्त! चिठ्ठी हातात घेऊन सगळे एकमेकांच्या बॅगांकडे बघायला लागले. मग निघालं एकेक. लोखंडी शेगडी, लाकडी टेबल, तीन माणसांना सात खुर्च्या, आणि एकाने घरचा फोमचा गादीवजा तुकडा गुंडाळून आणला होता, तो म्हणे पाठीसाठी. पाठीचा ठेवला. शेगडी गेली.

टपावर कमीत कमी. टपाची मर्यादा वेगळी असते, बऱ्याच गाड्यांना पन्नास ते शंभर किलोच्या आतबाहेर, आणि त्यात कॅरियरचं स्वतःचं वजनही मोजायचं. वर ओझं गेलं की तिरक्या उतारावर गाडी कलायला लागते आणि पोटात गोळा येतो. म्हणून पाणी, बॅटरी, हत्यारं ही जड मंडळी खाली, मागच्या चाकांच्या पुढे. वर तंबू, झोपायच्या बॅगा असलं फुलकं.

कुठली वस्तू कुठल्या गाडीत यालाही अर्थ आहे. हत्यारांची पेटी, दोर आणि प्रथमोपचाराची पेटी शेवटच्या गाडीत. कारण कोणाचं काही बिघडलं तर शेवटची गाडी तिथे आपोआप पोचतेच, हत्यारं पुढच्या गाडीत असतील तर तिला गाठायचं कसं, रेंज नाही, वॉकीटॉकी डोंगराआड गेला की गप्प. म्हणून चालवतानाही प्रत्येकाने आपल्या मागची गाडी आरशात ठेवायची, ती दिसेनाशी झाली की थांबायचं.

दोराबद्दल मात्र मी जरा जास्त बोलणार आहे. हा जो जाड दोर आहे तो ताणला जातो, रबरासारखा, आणि त्या ताणाच्या झटक्याने अडकलेली गाडी बाहेर येते. तो अडकवायचा फक्त गाडीच्या मूळ सांगाड्याला पक्क्या केलेल्या हुकात. मागे ट्रेलर लावायचा जो गोळा असतो त्याला कधीच नाही. तो गोळा तुटून तोफगोळ्यासारखा येतो, अशाने माणसं मेलेली आहेत. दोरावर मधोमध जड घोंगडी टाकायची आणि बाकी सगळ्यांनी दोराच्या लांबीच्या दीडपट लांब, बाजूला उभं राहायचं. खरं सांगू का, बहुतेक वेळा दोर लागतच नाही. टायरची हवा 32 वरून 18 वर आणली, चाकापुढची वाळू फावड्याने काढली, की गाडी आपली आपण निघते. फक्त नंतर हवा परत भरायला कॉम्प्रेसर हवा, आणि तो घरी एकदा लावून बघितलेला हवा, आमच्या एकाची पिन सॉकेटमध्ये बसतच नव्हती.

स्टोव्हचंही तेच, पेटवून बघा. तीन स्टोव्ह तीन कंपन्यांचे असतील तर एकाचा सिलिंडर दुसऱ्याला बसत नाही, म्हणून यावेळी दोनच स्टोव्ह, दोन्ही एकाच जातीचे घेतले. थंडीत जाणार असाल तर डब्यात कुठला गॅस आहे ते वाचा. नुसता ब्युटेन शून्याच्या जरा खाली गेला की वायू होतच नाही, डबा भरलेला आणि ज्योत नाही. प्रोपेन उणे बेचाळीसपर्यंत वायू होतो, म्हणून थंडीसाठी मिश्रण घ्यायचं. उंचावर वेगळी गंमत, तीन हजार मीटरवर पाणी नव्वदच्या आसपासच उकळतं, धान्य शिजता शिजत नाही, तिथे प्रेशर कुकर वाचवतो, गॅसही आणि डोकंही. आणि कितीही थंडी वाजू दे, तंबूत शेगडी किंवा स्टोव्ह पेटवून झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साईडला ना वास, ना रंग, झोपलेला माणूस उठत नाही.

औषधांची पेटी तयार मिळते ती घ्या, पण त्यात ज्याची त्याची रोजची औषधं नसतात. ती दोन भागांत, दोन वेगळ्या गाड्यांत. प्रत्येकाने एका कागदावर रक्तगट, ॲलर्जी, चालू गोळ्या आणि घरचा नंबर लिहून वहीवालीकडे द्यायचा. दोघांनी दिला, सहा जण देतो म्हणालेत. पोट बिघडलं आणि मीठ-साखरेची (ओआरएस) पाकिटं संपली तर एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ जास्त नको.

आणि हो, ज्याबद्दल कोणी ग्रुपवर लिहीत नाही ते. एक छोटं खुरपं, कागद आणि कचऱ्याच्या पिशव्या. पाण्यापासून साठेक मीटर लांब, पंधरा-वीस सेंटीमीटर खोल खड्डा, नंतर माती ओढायची. ओले वाइप्स मातीत विरघळत नाहीत, ते पिशवीत घालून परत आणायचे. खुरपं सगळ्यांत मिळून एक असं कोणीतरी लिहिलं होतं. सकाळी सहाला आठ माणसं रांगेत, असं चित्र डोळ्यापुढे आल्यावर ते गाडीमागे एक झालं.

(अंधार पडत आलाय. ताडपत्री जवळजवळ रिकामी.)

शेवटचं पान चाव्यांचं. प्रत्येक गाडीची डुप्लिकेट चावी दुसऱ्या गाडीत ठेवायची, म्हणजे एक हरवली किंवा आत राहून दार लागलं तरी अडायला नको. लाल गाडीची राखाडी गाडीत गेली, राखाडीची पांढरीत गेली. पांढरीची कुठे आहे विचारलं, तर मालक निवांत म्हणाला, "आहे की, गाडीतच आहे, डॅशबोर्डच्या कप्प्यात."

वहीवालीने त्याचं नाव लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.