नदीकाठचा राजा

[दृश्य : ग्रॅनाइटची जुनी हवेली, दाराशी दगडी खांब]

आयर्लंडमधल्या डब्लिनच्या दक्षिणेला, रॅथफार्नममध्ये, ही हवेली आहे. आज इथे पिअर्स संग्रहालय आहे. १९१० साली इथे शाळा आली : सेंट एंडाज. राज्य ब्रिटिशांचं, आणि शाळेत आयरिश भाषेला मानाचं पान. मुख्याध्यापक पॅट्रिक पिअर्स. वडील इंग्लंडहून आलेले, दगडात मूर्ती कोरणारे. मुलगा कवी, नाटककार, आणि पुढे ब्रिटिशांविरुद्धच्या बंडाचा पुढारी.

[दृश्य : हवेलीच्या आवारातलं वाहतं पाणी]

बंडाची गोष्ट बहुतेक जण १९१६ पासून सांगतात. आपण या पाण्यापासून सुरुवात करू. १९१२ च्या उन्हाळ्यात मुलांनी इथे काठावर पिअर्सचं ‘अन री’ केलं. अन री म्हणजे राजा. एक पापी राजा असतो, दर लढाईत हरणारा. शेवटी मुकुट चढतो एका निष्पाप पोराच्या डोक्यावर. पोर लढायला जातं. लढाई जिंकतात, पोर मात्र जिवंत परतत नाही.

पुढच्या वर्षी, १७ मे १९१३ ला, हेच नाटक शहरातल्या अ‍ॅबी थिएटरमध्ये झालं. त्याच संध्याकाळी तिथे आणखी एक नाटक होतं. रवींद्रनाथांचं ‘डाकघर’! नोबेल मिळायला अजून सहा महिने होते. खेळ शाळेच्या मदतीसाठी होता, कारण शाळा कायम कर्जात. प्रेक्षकांपुढे एकामागून एक दोन मुलं आली. ‘डाकघर’मधला अमल आजारी, खिडकीशी बसून राजाच्या पत्राची वाट पाहणारा. आणि दुसरा, स्वतःच राजा होऊन मरायला निघालेला.

हा दुसरा मुलगा मला अस्वस्थ करतो. बाकावरच्या पोरांना मरण इतकं देखणं करून दाखवावं का? कारण शाळेतले काही मोठे विद्यार्थी पुढे खरोखर बंदूक घेऊन उभे राहिले.

[दृश्य : डब्लिनचं जनरल पोस्ट ऑफिस]

२४ एप्रिल १९१६, ईस्टरचा सोमवार. पिअर्सनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला तो इथे. पोस्टासमोर! खाली सात नावं. त्यातले मॅक्डोना आणि प्लंकेट हेही कवी, आणि मॅक्डोना तर याच शाळेतले मास्तर. त्याच दिवशी सिटी हॉलच्या छपरावर शॉन कॉनली गोळी लागून पडले. ते अ‍ॅबीचे नट.

आठवडाभरात बंड मोडलं.

[दृश्य : पुन्हा हवेली, रिकामी खोली]

आईनं पिअर्सकडे एक कविता मागितली होती : माझ्याबद्दल तू काय म्हणशील ते नको, तुझ्याबद्दल मी काय म्हणेन ते लिही. कैदेत त्यांनी ती लिहिली. कवितेतली आई येशूच्या आईला, मेरीला विनवते, माझ्या थोरल्याला जवळ घे.

३ मे रोजी किल्मेनमच्या तुरुंगात पिअर्सना गोळ्या घातल्या. धाकटा भाऊ विली याच शाळेत चित्रकला शिकवायचा, नाटकांत कामं करायचा. त्यालाही ४ मे रोजी गोळ्या घातल्या.

कवितेत फक्त थोरला आहे.