दर उतरला, भाव चढले

[दृश्य : नारायणगावचा टोमॅटो बाजार, सकाळची वेळ. कॅरेटच्या थप्प्या, लिलावाचा गलका.]

जुलै २०२३. इथे वीस किलोच्या कॅरेटला दोन हजारांच्या वर भाव निघत होता. मे महिन्यात मात्र हाच टोमॅटो मातीमोल गेला होता. कित्येकांनी तोडणीची मजुरीही सुटत नाही म्हणून माल शेतातच सोडला होता.

१४ ऑगस्टला जुलैचा आकडा आला. देशातली किरकोळ महागाई ७.४४ टक्के. भाजीपाल्याची ३७ टक्क्यांहून जास्त. टोमॅटोचे भाव तर वर्षभरात तिपटीवर गेले होते. आता गंमत बघा, महागाई मोजायच्या त्यावेळच्या निर्देशांकात टोमॅटोचा भार होता जेमतेम ०.५७ टक्के. शंभर रुपयांच्या घरखर्चात सत्तावन्न पैसे! तेवढ्याशा वाट्यानेही अख्ख्या देशाचा आकडा हलवला.

[दृश्य : आठवडी बाजार. वही घेतलेला कर्मचारी दुकानदाराशी बोलतो आहे.]

हा आकडा तयार होतो तो बाजारात. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाची माणसं तेव्हा १,१८१ गावं आणि शहरांतल्या १,११४ बाजारांत जाऊन भाव टिपत होती. ठरलेला बाजार, ठरलेलं दुकान आणि तीच प्रत. मागच्या महिन्यात साधा तांदूळ लिहिला असेल, तर या महिन्यात बासमती चालत नाही. मग घरखर्चातल्या वाट्याप्रमाणे प्रत्येक वस्तूला भार देऊन निर्देशांक काढतात आणि साधारण दर महिन्याच्या १२ तारखेला तो केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर येतो. कुणालाही, फुकट.

आपण बातमीतली टक्केवारी ऐकतो आणि थांबतो. माझं आग्रहाचं सांगणं आहे की प्रसिद्धिपत्रक उघडा आणि आतले तक्ते बघा. तिथे ग्रामीण, शहरी आणि एकत्रित असे निर्देशांक वेगवेगळे दिलेले असतात, राज्यवारही असतात.

[दृश्य : पडद्यावर तक्ता. एकेक आकडा ठळक होत जातो.]

२०१२ सालची पातळी १०० धरली, तर एकत्रित निर्देशांक जुलै २०२२ मध्ये होता १७३.४. जुलै २०२३ मध्ये झाला १८६.३. वाढ १२.९. तिला १७३.४ ने भागा, शंभरने गुणा. आले ७.४४ टक्के. एवढंच गणित आहे, मोबाइलवरही होतं.

आता एक वर्ष पुढे. ऑगस्ट २०२४ मध्ये बातमी झळकली, जुलैची महागाई जवळपास पाच वर्षांत पहिल्यांदाच चार टक्क्यांच्या खाली! पहिला अंदाज ३.५४, पुढे सुधारून ३.६०. जूनमध्ये हाच दर ५.०८ होता. ऐकणाऱ्याला वाटलं, भाव उतरले.

तक्ता काय सांगतो? जून २०२४ चा निर्देशांक १९०.२. जुलैचा १९३.०. एका महिन्यात भाव जवळजवळ दीड टक्क्याने चढले होते!

दर मग खाली कसा आला? कारण तुलना होती टोमॅटोने पेटलेल्या जुलै २०२३ शी. मागच्या वर्षीचा उंबरठाच एवढा उंच, की यंदाची चढण ठेंगणी दिसली. अर्थतज्ज्ञ याला बेस इफेक्ट म्हणतात. बाजारात पिशवी घेऊन गेलेल्या बाईला जुलैत महाग वाटत होतं, आणि तिचं बरोबरच होतं. जुलै २०२२ पासून धरलं तर दोन वर्षांत निर्देशांक अकरा टक्क्यांहून अधिक वाढला होता.

[दृश्य : कार्यालयातून सुटलेली गर्दी, पगाराची पावती.]

आकडे एकाहून जास्त आहेत, हेही लक्षात असू द्या. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता ठरतो तो औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकावर, आणि तो काढतं श्रम ब्युरो. घाऊक निर्देशांक निराळाच, त्यात दवाखाना, शाळेची फी, बसभाडं येत नाही. रिझर्व्ह बँकेचं चार टक्क्यांचं लक्ष्य मात्र किरकोळ महागाईचं, दोन टक्के इकडेतिकडे धरून. २०२६ पासून या किरकोळ निर्देशांकाचं पायाभूत वर्ष, म्हणजे १०० धरायचं वर्ष, २०२४ झालं आहे आणि खाद्यपदार्थांचा भार पूर्वीच्या सुमारे ४६ टक्क्यांवरून ३७ च्या आसपास आला आहे. त्यामुळे जुन्या मालिकेतला आकडा नव्याशेजारी तसाच ठेवू नका.

[दृश्य : कांद्याची चाळ. शेतकरी कांदे निवडतो आहे.]

ऑक्टोबर २०२५ मध्ये महागाई ०.२५ टक्क्यांवर आली, २०१२ च्या जुन्या मालिकेतली सर्वांत कमी. जीएसटी कपातीचा हातभार होता, वर्षापूर्वीचा चढा उंबरठाही होता. निर्देशांक तरीही १९७.३ वर होता, म्हणजे वर्षापूर्वीच्या १९६.८ पेक्षा किंचित वरच. पण भाजीपाला वर्षभरात सत्तावीस टक्क्यांहून अधिक उतरला होता. शहरातल्या स्वयंपाकघराला ती उसंत होती. चाळीत कांदा धरून बसलेल्या शेतकऱ्याच्या घरी मात्र तीच उतरण उत्पन्नाला कात्री लावत होती, आणि खत, मजुरी, मुलांची फी त्याला चालू भावानेच भरायची होती.